बस्ता सोडून कसं उठू?

मंडळी, आज माझ्याच दुकानात मी चुकले.

नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. गादीवर खायचं-प्यायचं नाही आणि लग्नाचा बस्ता चालू असताना उठायचं नाही, हा नियम माझाच. अठरा वर्षांच्या श्रुतीनं कामाला लागतानाच सांगितलं होतं, टाइप वन डायबिटीस आहे, इन्सुलिन घेते.

आज बस्ता लई लांबला. साडी उलगडताना श्रुतीचे हात थरथरत होते. गिऱ्हाइकांनी पेढे वाटले, तर मीच आगाऊपणे म्हणाले, "तिला नको, तिला शुगर आहे."

श्रुती हळूच म्हणाली, "काकू, शुगर कमी झालीय. आता गोडच पायजे. ज्यूस आत बॅगेत हाय, पण बस्ता सोडून कसं उठू?"

मी धावत ज्यूस आणला. नवरीची आजी म्हणाली, "हितंच बसून पी, बाळ. साड्या काय पळून चालल्यात व्हय?"

पंधरा मिनिटांनी श्रुतीनं बोट टोचून शुगर तपासली, हसली आणि पुढची साडी उलगडली.

आता गादीवर मीटरपट्टीशेजारी ग्लुकोजचा डबा आहे.

तिनं सगळं सांगितलं होतं. 'मग मी काय करू?' एवढंच मी विचारलं नव्हतं. तुमच्याकडे उठायला घाबरणारं कोण आहे?