शवपेट्यांच्या दुकानातली राजकन्या

माझ्या मावशीला सगळी गल्ली राजकन्या म्हणायची. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शवपेट्या बनवायचे. त्यामुळे राजवाडा म्हणजे काय, तर एक लांबट खोली. एका भिंतीला फळ्या टेकवलेल्या, दुसरीला तयार पेट्या, मध्ये सुतारकामाचं टेबल, कोपऱ्यातल्या शेगडीवर रटरटणारं सरसाचं डबडं आणि पायाखाली भुसाच भुसा. घर वरच्या मजल्यावर. आजी लवकर गेली होती, म्हणून घरात तिघंच: आजोबा, मावशी आणि तिच्या पाठची माझी आई. ही सगळी हकीकत मी आईकडूनच ऐकलेली, आणि आई एरवी तिखटमीठ लावून सांगते, पण इथे तिला त्याची गरज पडली नाही.

मावशी उंच होती, ताठ होती, आणि मान कुणापुढे वाकवायची असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. केसांत अडकलेला भुसासुद्धा ती दागिन्यासारखा मिरवायची. कामाला वाघ. आजोबांचा हात थरथरायला लागल्यापासून रंधा तिच्याच हातात होता. दुकानात येणारी माणसं दुःखातली, कुणी बोलता बोलता मध्येच रडू लागायचं. अशा वेळी ती स्टूल पुढे सरकवायची आणि म्हणायची, "सावकाश रडा. मला घाई नाही." आणि खरंच, हातातलं काम थांबवून बसून राहायची. पण दुःख नसलेल्या माणसाशी ती अशी काही बोलायची, की तोही थोडा दुःखी होऊनच बाहेर पडायचा.

तिच्या लग्नाचं मनावर घेतलं ते आजोबांच्या बहिणीने, म्हणजे आईच्या आत्याने. आत्याने पहिलं स्थळ आणलं ते कर कचेरीतल्या कारकुनाचं. कारकून आपल्या आईला घेऊन आला. दोघं पेट्यांकडे पाठ करून बसले आणि त्याच्या आईने प्रश्नांची फैर झाडली. स्वयंपाक येतो का? पहाटे उठतेस का? खोकला वगैरे नाही ना? दात सगळे स्वतःचेच का?

मावशीने सगळ्याची उत्तरं दिली. दात दाखवलेसुद्धा. मग हात झटकले आणि म्हणाली, "झालं? आता माझी पाळी. मी तीन कोडी घालणार. जो तिन्ही सोडवील त्याच्याशी मी लग्न करीन, मग तो कुणी का असेना. हा माझा शब्द."

"आणि नाही सुटली तर?" कारकून हसत म्हणाला.

"तर मी माप घेणार. दोन्हीपैकी एका कामाला तरी तुम्ही याल."

कारकुनाला पहिलंच कोडं सुटलं नाही. मावशीने गळ्यातली टेप काढली, त्याला भिंतीला उभं केलं, टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं, तेवढ्या उंचीची फळी कापली, तिच्यावर खडूने 'कर कचेरी' असं लिहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवली. कारकुनाची आई जिन्यातच पदर तोंडाला लावून बसली. आत्या म्हणाली, "अगं, निदान ते लोक बाहेर पडेपर्यंत तरी करवत थांबवायचीस!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली, आणि गंमत अशी की आधी त्यामुळे स्थळं वाढली. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे मूर्ख होते. गाण्याच्या मास्तरांनी डोळे मिटून तिन्ही कोड्यांना 'प्रेम' असं एकच उत्तर दिलं. मावशीने त्यांची फळी दोन बोटं जास्त ठेवली, कारण मास्तर केस उंच उभे करून विंचरायचे. दातांच्या डॉक्टरांनी खूप विचार केला, पाणी मागितलं, आणि टेप बाहेर येताना पाहून भुशात कोसळले. आडवेच सापडल्यामुळे त्यांचं माप सगळ्यांत अचूक निघालं.

घोळ झाला तो लाकडाच्या वखारवाल्यामुळे. गृहस्थ विधुर, वयाने आजोबांपेक्षाही मोठे, पण हौस दांडगी. त्यांना दुसरं कोडं ऐकूच नीट आलं नाही. त्यांचीही फळी झाली. आणि महिन्याभरात ते झोपेतच गेले. वय झालं होतं, जायचेच होते. पण त्यांची मुलं पेटी सांगायला आली तेव्हा आजोबांनी सवयीने विचारलं, "माप?" आणि मावशी सहज म्हणाली, "ते घेतलेलं आहे."

बस्स. त्या दिवसापासून गावभर झालं, की राजकन्येचं कोडं चुकलं की माणूस जातो. कर कचेरीतला कारकून सर्दी झाली तरी निरवानिरव करू लागला. स्थळं बंद झाली. वीज मंडळाचा माणूस दारातूनच मीटर वाचायला लागला.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "कामात खोळंबा नको." पण आई सांगते, त्यानंतर दाराशी पाऊल वाजलं की तिचा रंधा अर्ध्यावर थांबायचा.

आईचा जीव तर टांगणीला लागला होता. तिचं फोटो स्टुडिओतल्या तरुणाशी ठरल्यातच जमा होतं, पण थोरलीच्या आधी धाकटीचं नको असं आजोबांचं म्हणणं. तो तरुण म्हणजे माझे बाबा. माप घेतलं जाईल या भीतीने ते आमच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. थोडक्यात, ती कोडी सुटली नसती तर मी काही जन्माला येत नव्हते.

एके दिवशी बेकरीवाला आला. पुढच्या वळणावरच्या बेकरीतला, भुवयांवर कायम पिठाची साय, बोलणं कमी. त्याला पेटी हवी होती.

मावशीने स्टूल पुढे केलं. "सावकाश रडा."

"रडू कशाला? आजीसाठी हवी आहे."

"कधी गेल्या?"

"गेली नाही. दळण आणायला गेली आहे. तिला आधी बघून घ्यायची आहे."

आजी दुसऱ्याच दिवशी हजर. बुटकी, गोल, काठी फक्त लोकांना ढोसण्यापुरती वापरणारी. तिने पेटी पाहिली, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन आडवी झाली. आतून आवाज आला, "कोपराला जागा नाही."

मावशीने पेटी रुंद केली. पुढच्या खेपेला आजी म्हणाली, "डोक्याकडे उंच करा, मला सपाट झोपण्याची सवय नाही." तेही झालं. त्यानंतर बिजागरीवरून बोंब. "झाकण कुरकुरतंय. जन्मभर सुनेची कुरकुर ऐकली, आता मेल्यावरही ऐकू?"

आजवर मावशीच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. दुसरं कुणी असतं तर तिने पेटीसकट बाहेर काढलं असतं. पण म्हातारीपुढे तिचं काही चालेना. तिने मुकाट्याने बिजागरीला तेल घातलं. बेकरीवाला प्रत्येक खेपेला आजीला हात धरून आणायचा, पेटीत उतरवायचा, बाहेर काढायचा आणि भिंतीवरच्या फळ्या वाचत उभा राहायचा.

"हे 'गाण्याचे मास्तर' म्हणजे?" त्याने एकदा विचारलं.

आजोबांनी सगळी कथा सांगितली. पेटीतून म्हातारी उठून बसली. "कोडी? मला घाल!"

"आजी, ती लग्नाची कोडी आहेत," मावशी म्हणाली.

"मग काय झालं? मी विधवाच आहे. घाल."

आजोबा खो खो हसायला लागले. मावशीचाही तो दिवस बरा असावा. तिने रंधा खाली ठेवला. "आत राहत नाही, बाहेर राहत नाही, तरी घर सोडून कधी जात नाही. कोण?"

"उंबरठा. पुढचं."

मावशीचा चेहरा जरा बदलला. "सुरी नाही, करवत नाही, तरी सगळे कापतात. तुकडा एक पडत नाही, दमतो तो कापणाराच."

"अंतर. माझे गुडघे रोज तेच म्हणतात. पुढचं."

जिन्यावर आई श्वास रोखून उभी होती. मावशीने हळूच तिसरं घातलं. "दिला तरी आपल्याकडेच राहतो, पाळला तरी खायला मागत नाही, मोडला तरी आवाज होत नाही."

म्हातारीने काठी मागून घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि मावशीकडे टक लावून पाहिलं. "शब्द," ती म्हणाली. "आणि तो तू दिलेला आहेस, पोरी. जो सोडवील त्याच्याशी लग्न करीन, मग तो कुणी का असेना. असंच ना?"

"असंच," आजोबा म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मावशी लाल झाली. पण ती राजकन्या होती. "मी शब्द मोडत नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याशी लग्न कसं करू ते सांगा."

"मला काय करायचंय लग्न? एक केलं तेवढं पुरे. माझा हक्क मी नातवाला देते."

सगळ्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. आईने तर जिन्यावरच हात जोडले.

बेकरीवाला म्हणाला, "मी नाही घेत."

"काय?" हे तिघं एकदम म्हणाले, मावशी धरून.

"आजी, मी काय कालचा पाव आहे, उरला म्हणून कुणाच्याही पिशवीत टाकायला? आणि या काय बक्षीस आहेत? मला एकही कोडं आलं नाही. यांनी मला काही विचारलंही नाही." त्याने आजीला उचलून बाहेर काढलं, तिच्या चपला पुढे ठेवल्या आणि दोघं निघून गेले.

आजवर मावशीने सगळ्यांना नाकारलं होतं. तिला नाकारलेलं हे पहिलंच. त्या आठवड्यात तिने फळ्या इतक्या रागाने तासल्या की आजोबा म्हणाले, "बाई, थोडं लाकूड ठेव. कागदाच्या पेट्या कुणी घेत नाही."

शेवटी एका सकाळी तिने केस विंचरले, भुसा झाडला आणि ती बेकरीत गेली. आई अर्थातच मागोमाग. बाहेरच्या काचेला नाक लावून तिने सगळं पाहिलं, आणि दार उघडं होतं म्हणून ऐकलंही.

बेकरीवाला कणकेत कोपरापर्यंत बुडालेला होता. मावशी म्हणाली, "दोन पाव द्या." मग म्हणाली, "एक कोडं आहे."

"मला कोडी येत नाहीत. काय विचारायचं ते सरळ विचारा."

मावशीने पावांच्या फळीकडे बघितलं, छताकडे बघितलं. तीन कोडी रचायला तिला एक संध्याकाळ लागली होती. सरळ प्रश्नाचे चार शब्द जुळवताना तिला घाम फुटला. "माझ्याशी लग्न कराल का?" ती म्हणाली. आणि लगेच, "नाही म्हणालात तरी चालेल. पाव मात्र ताजे द्या."

"विचार करून सांगतो," बेकरीवाला म्हणाला.

विचार करून! मावशी पाव न घेताच परत आली. आई म्हणते, जेवढं तिने दुसऱ्यांना ताटकळत ठेवलं होतं ते सगळं त्या चार दिवसांत फिटलं. ती जेवेना, कुणाशी बोलेना. रात्री मात्र उठून आईच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "ते डॉक्टर कोसळले ना, तेव्हा मी हसायला नको होतं."

बेकरीवाला आला तो एप्रन लावूनच. सरळ भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून उभा राहिला.

"हे काय?"

"माप घ्या. मला कोडी आली नाहीत. नियम सगळ्यांना सारखा. माझी फळी होऊ दे, मग हो म्हणतो. म्हणजे कुणी असं म्हणायला नको, की आजीच्या वशिल्याने लागला."

मावशीने टेप काढली. टाळूपाशी धरली, टाचेपाशी धरली, आकडा मोठ्याने वाचला. आजोबांनी फळी कापली. ती टेकवून बघितली तर बेकरीवाल्याच्या खांद्यापर्यंतच आली. मावशीचं आयुष्यात चुकलेलं ते एकमेव माप. आजोबांनी एवढंच विचारलं, "पुन्हा कापू, की राहू दे?"

"राहू दे," दोघं म्हणाले.

लग्न दोन्ही बहिणींचं एकदमच झालं. फोटो बाबांनी काढले, आणि स्वतःच्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत. कर कचेरीतला कारकून, मास्तर आणि डॉक्टर तिघंही आले. मावशीने त्यांची माफी मागितली. तिला माफी मागायची सवय नसल्यामुळे ती हुकूम दिल्यासारखी ऐकू आली, पण त्यांनी ती घेतली. आजी पुढे इतकी वर्षं जगली की त्या पेटीत हिवाळ्याच्या रजया ठेवायची प्रथा पडून गेली.

मावशी सकाळी दुकानात, दुपारनंतर बेकरीत. पावात भुसा सापडला तरी गिऱ्हाईकं तक्रार करत नसत. राजकन्येशी कोण वाद घालणार? मूल झालं नाही. त्याबद्दल ती बोलली नाही, पण मी गेले की मला गरम बिस्किटं देऊन समोर बसायची आणि मी खाताना बघत राहायची.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा दोघांचा अबोला चालू होता. कारण एक भटकी मांजर. काकांचं, म्हणजे बेकरीवाल्याचं, म्हणणं, पिठाजवळ मांजर नको. मावशीचं म्हणणं, उंदरांपेक्षा बरी. मी मध्ये बसलेले.

"तुझ्या मावशीला सांग, चहा झालाय," काका म्हणाले.

"त्यांना सांग, मला ऐकू आलंय," मावशी म्हणाली.

चहा पिऊन मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. भिंतीच्या आडोशाला मांजर दूध पीत बसली होती. तिच्यापुढे दोन वाट्या होत्या, एक मावशीच्या स्वयंपाकघरातली आणि एक बेकरीतली.