अयोध्याताईंच्या चार वह्या

आठ वर्षांपूर्वी, डिसेंबर ते ऑगस्ट या नऊ महिन्यांत, नांदेडच्या एका वाचनालयात भरणाऱ्या रविवारच्या इंग्रजी वर्गात मी अयोध्याताई कदम यांच्या चार वह्या तपासल्या. त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईनं बरोबरची खूण केली. त्यातलं जवळजवळ एकही वाक्य मी वाचलेलं नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसलेल्या सहकाऱ्याला नाही. तुम्ही पहिले. आणि एवढ्यावर हे संपतही नाही — न वाचता खुणा करणं हा फार तर आळस झाला. पुढं जे घडलं तो आळस नव्हता. क्रमानं सांगतो. तीच एक सवय मला आहे.

मी तेव्हा एका दैनिकाच्या नांदेड कार्यालयात भाषांतराच्या टेबलावर होतो. इंग्रजीत आलेली बातमी मराठीत करायची, हे काम. वीस वर्षं केलं. माझं भाषांतर कधी परत आलं नाही. त्यामुळे या माणसाला इंग्रजी येतं, असं कार्यालयात सगळे धरून चालले होते. वाचनालयाच्या चालकांनी वर्ग घ्याल का विचारलं तेव्हा मीही तसंच धरून चाललो. पण वीस वर्षांत मी इंग्रजीतून मराठीत आणलं होतं; मराठीतून इंग्रजीत एक परिच्छेदही नेलेला नव्हता. दुसऱ्याचं वाक्य समजणं आणि आपलं वाक्य उभं करणं यात किती अंतर आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. सांगितलं का? नाही.

वर्ग होता मधल्या पायरीवरच्या लोकांसाठी. अक्षरं, साधी वाक्यं येतात, पुढं सरकत नाही, असे अकरा जण. उमरीहून येणारा, मेडिकल दुकानात काम करणारा बालाजी होता, कॉलेजच्या चार मुली होत्या, बँकेचे एक निवृत्त कॅशियर होते. सरावाचं एक पुस्तक आम्ही सगळ्यांनी घेतलं. शेवटच्या आठ पानांवर उत्तरं होती. आमच्याकडे शिकवणारे लोक ती पानं आधीच कापून घेतात, म्हणजे कोणी बघून लिहीत नाही. वर्तमानपत्राचं पान हातानं कापून-चिकटवून लावायच्या काळातलं एक ब्लेड माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्यानं मी अकरा पुस्तकांची पानं कापली आणि एक संच घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. माझं सगळं इंग्रजी त्या खिशात होतं.

मग मी एक नियम केला. अर्धं पान पुस्तकातला सराव, अर्धं पान स्वतःची वाक्यं. रिकाम्या जागा भरून कोणी पुढं जात नाही, आपल्या घरादाराबद्दल लिहिलं तरच भाषा हाताखाली येते, असं मी फळ्याजवळ उभं राहून सांगितलं. कुठल्याशा प्रस्तावनेत वाचलं होतं. ऐकायला चांगलं वाटत होतं. आणि ते खरंही होतं, हीच अडचण. स्वतःच्या वाक्यांची उत्तरं माझ्या खिशात नव्हती.

तीन आठवड्यांत दहा जणांनी स्वतःची वाक्यं लिहिणं सोडलं. अयोध्याताईंनी सोडलं नाही.

त्या उमरीजवळच्या एका गावातून यायच्या. वय चौतीस, बारावी झालेली, घरी सात एकर शेती, दोन मुली. रविवारी सकाळी उमरी स्टेशनवरून पॅसेंजर धरायच्या आणि त्या दिवशीची वाक्यं गाडीतच मांडीवर वही ठेवून लिहायच्या. अक्षर कुठं हललेलं आहे त्यावरून गाडी कुठं धावत होती आणि कुठं थांबली होती ते कळायचं. रोज दहा वाक्यं. सोयाबीन पेरणीच्या दिवसांतही दहा. लातूरच्या एका संस्थेत महिलांच्या गटांचं काम बघायला माणूस हवं होतं. दर महिन्याचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागायचा. त्यासाठी परीक्षा एकच होती — आपल्या गावाबद्दल मनानं एक पान लिहायचं. अयोध्याताईंना ते काम हवं होतं. मुलींना लातूरला शिकवायचं होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणजे त्यांना जे हवं होतं ते बरोबर त्या अर्ध्या पानात होतं. जे मी वाचत नव्हतो.

कसं तपासत होतो? पुस्तकातला भाग खिशातल्या पानांवरून, काटेकोर. खालच्या भागावर आलो की पेन आपोआप धावायचं. चुकीवर बोट ठेवलं तर बरोबर काय ते सांगावं लागलं असतं. खूण केली की प्रश्न मिटायचा. एकदा बालाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "सरची खूण म्हंजे परसाद हाय. सगळ्यायला सारखा." वर्ग हसला. मीही हसलो. अयोध्याताई हसल्या नाहीत. त्यांनी वही पिशवीत नीट ठेवली.

सप्टेंबरमध्ये त्या लातूरला जाऊन परीक्षा देऊन आल्या. निवड झाली नाही. संस्थेनं त्यांचं पान परत दिलं होतं, चुकांना गोल करून. ते घेऊन त्या पुढच्या रविवारी वर्गाच्या आधी आल्या. रडल्या नाहीत, तक्रार केली नाही. वहीत सगळं बरोबर येतं आणि तिथं एवढं कसं चुकलं, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

मी ते पान बघितलं. सतरा गोल. त्या क्षणी मला कारण माहीत होतं — खात्रीनं माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरं वाक्य बोललो.

"भीतीनं होतं असं, ताई. येतं तुम्हाला. परीक्षेत घाबरलात."

त्यांनी मान हलवली. "असंल, सर," म्हणाल्या. "मी घाबरून राहिले असंल."

बातमीत आपल्याकडे खात्री नसली की 'कथित' लिहायची सोय असते. इथं नाही. जी भीती त्या बाईत नव्हती ती मी त्यांना दिली. नऊ महिने ज्यांनी एक दिवस चुकवला नव्हता, त्यांना मी सांगितलं की तुमच्यातच कमी आहे.

त्या दिवशी मी त्यांच्या वह्या मागून घेतल्या. एकदा नजर टाकतो, म्हणालो. घरी नेल्या आणि चार दिवस, शब्दकोश आणि दोन व्याकरणाची पुस्तकं घेऊन, पहिल्यांदा वाचल्या.

काय होतं त्यात? लग्नाची पत्रिका खाणारी शेळी होती. तिनं नेमकं नवऱ्याकडचं नाव खाल्लं आणि मग घरात तीन दिवस कोणाच्या लग्नाला जायचं हे ठरेना. धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या ढिगाजवळ शिंकत भाव करणारे दोन व्यापारी होते. एक शिंकला की दुसरा त्याला होकार समजायचा. सासूबाईंच्या गुडघ्यावर दहा वाक्यं होती, आणि त्यात सासूबाईंबद्दल एकही वाकडा शब्द नव्हता. धाकटी मुलगी आईची वही उघडून आईलाच शब्द विचारते, असं एक पान होतं. वीस वर्षं मी जिल्ह्याच्या बातम्या केल्या. या बाईला जे दिसत होतं ते माझ्या पानावर कधी आलं नव्हतं. आणि साधारण दर तिसऱ्या वाक्यात चूक होती. तीच ती, एकाच जातीची. कोणी पहिल्या महिन्यात दाखवली असती तर दुसऱ्या महिन्यात गेली असती. प्रत्येकीपुढे माझी लाल खूण.

पुढच्या रविवारी मी वह्या परत दिल्या. एकही खूण बदलली नाही. "ठीक आहे," म्हणालो.

हेच ते. खुणा नव्हे — हे. आधी मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. आता माहीत होतं.

पुढचे सहा महिने अयोध्याताईंनी भीती घालवण्यात घालवले. हे मी काही स्वतः पाहिलं, काही बालाजीनं सांगितलं. उमरीच्या आठवडी बाजारात, भाजीच्या पालांमध्ये पोत्यावर बसून त्या घड्याळ लावून एक पान लिहायच्या, गोंगाटात हात थरथरू नये म्हणून. लोक विचारायचे, बाई काय करून राहिली. त्या सांगायच्या, परीक्षा. नांदेडच्या बसस्थानकावर उभ्यानं लिहायच्या. अनोळखी माणसाला घड्याळ धरायला लावायच्या. ते पान वर्गात आणायच्या आणि मी — हो. खूण करायचो.

असं कोणी करतं का, स्वतःत नसलेल्या दोषासाठी? मी तरी दुसरं माणूस बघितलेलं नाही.

मार्चमध्ये दुसरी परीक्षा झाली. निवड झाली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी त्या आमच्या कार्यालयात आल्या. पहिल्यांदाच. माझ्या टेबलावर त्यांनी दुसऱ्या वहीतलं एक पान उघडलं आणि शेजारी लातूरहून परत आलेलं परीक्षेचं पान ठेवलं. शेळीचं वाक्य दोन्हीकडे होतं, अक्षर न् अक्षर तेच. एकीकडे लाल गोल, एकीकडे लाल खूण. शेजारचा सहकारी चहा पीत होता. त्यांनी आवाज खाली ठेवला — माझ्यासाठी, हे मला नंतर लक्षात आलं.

"सर, हे तुमी वाचलं व्हतं का?"

"वाचलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "बरं," म्हणाल्या, दोन्ही पानं गोळा केली, आणि जाताना सहकाऱ्यालाही नमस्कार केला. तो म्हणाला, विद्यार्थिनी वाटतं. मी हो म्हणालो.

त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. मी जूनमध्ये वर्ग बंद केला. कामाचा ताण, असं वाचनालयाला लिहून दिलं. वाचनालयानं शाल आणि नारळ दिला. फोटो आमच्याच दैनिकात आला, आतल्या पानावर, दोन कॉलम.

बालाजीला मात्र त्या उमरी स्टेशनवर भेटायच्या. त्याच्याकडून कळलं की धर्माबादला एक निवृत्त शिक्षिका राहतात, ताई आता उलट दिशेची गाडी धरून त्यांच्याकडे जातात. पहिल्या दिवशी त्यांनी चारही वह्या बाईंसमोर ठेवल्या आणि सांगितलं की यातलं काय बरोबर आहे ते मला माहीत नाही, पहिल्या ओळीपासून बघायचं आहे. खुणा कोणी केल्या हे त्या बाईंनी विचारलं. ताई म्हणाल्या, त्या धरू नका. हे सांगून बालाजीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लई चिवट बाई हाय, सर." मी म्हणालो, हो.

सगळी वाक्यं त्यांनी पुन्हा लिहिली. चार वह्यांच्या सहा झाल्या. तिसऱ्या परीक्षेत त्यांची निवड झाली. याची खातरजमा मी स्वतः केली. संस्थेच्या कार्यालयात फोन करून, बातमीसाठी हवं आहे असं खोटं सांगून. बातमी मी दिली नाही.

तीन वर्षांपूर्वी दैनिकानं माझी बदली लातूरला केली. अयोध्याताई याच शहरात राहतात, थोरली मुलगी इंजिनीअरिंगला आहे. त्या रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग घेतात, मधल्या पायरीवरच्या लोकांसाठी. हे मला भाचीकडून समजलं. ती तिथं जाते. प्रत्येक नव्या तुकडीला त्या सांगतात की स्वतःच्या घरादाराबद्दल लिहिलं तरच भाषा हाताखाली येते, आणि हे मला नांदेडच्या एका सरांनी शिकवलं. पुढचं काही सांगत नाहीत. ते सर कोण, हे भाचीला माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही.

या वर्गात पुस्तकांची शेवटची पानं कापत नाहीत.

गेल्या महिन्यात भाची आली होती, तेव्हा तिची वही आमच्या जेवणाच्या टेबलावर राहिली. उघडी होती. स्वतःची बावीस वाक्यं. एकोणीस वाक्यांपुढे हिरव्या शाईत खूण. दोन वाक्यांखाली रेघ, शेजारी दुरुस्ती. एका वाक्यापुढे खूण नव्हती, रेघही नव्हती. तिथं मराठीत लिहिलेलं होतं : 'हे मला माहीत नाही. विचारून सांगते.' खाली पुढच्या रविवारची तारीख, आणि त्याच हिरव्या शाईत उत्तर.