नळाखालची परीक्षा

माझी मावशी शिवणकाम करायची आणि रविवारची मिस्सा संपली की चर्चमागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. सलग सत्तावीस वर्षं. तिच्यासमोर उलट बोलायची माझी कधी छाती झाली नाही, पण तिच्यासारखी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही, हे कुणालाही ठणकावून सांगेन.

तिची तऱ्हाच वेगळी. मुलं आणि मोठी माणसं एकाच बाकावर. प्रत्येक मोठ्याला एक मूल नेमून दिलेलं. मुलानं आधी शिकायचं, मग मोठ्याला शिकवायचं. "मोठ्याला आलं, तरच तुला आलं," असा तिचा खाक्या.

त्या वर्षी प्लंबरकाकांच्या वाट्याला त्यांचीच आठ वर्षांची लेक आली. तिचा पहिला कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी जाऊन पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी, ठरला होता आणि त्याच दिवशी काकांना बाप्तिस्मा घ्यायचा होता.

"पोरगी वेदीपाशी जाणार आणि मी मागं बसून बघत राहू होय?" ते म्हणायचे.

पण नवे फादर कडक. शनिवारी तोंडी परीक्षा. उत्तरं आली नाहीत तर बाप्तिस्मा पुढच्या वर्षी. आणि समोर कुणी प्रश्न विचारायला बसलं की काकांची बोबडी वळायची. लेकीनं डोकं फोडून घेतलं, तरी तेच.

मग एकदा मावशीच्या मोरीतला नळ दुरुस्त करताना, पाना फिरवत फिरवत, काका देवाच्या दहाच्या दहा आज्ञा घडाघडा म्हणून गेले. मावशीनं शिलाई मशीन थांबवलं आणि ऐकत राहिली.

शनिवारी वर्गाच्या खोलीत फादरनी त्याच आज्ञा विचारल्या. काकांना दरदरून घाम फुटला. सांगायची मनाई म्हणून लेक ओठ घट्ट दाबून बसलेली. कोपऱ्यातला नळ तेवढा टपटपत होता.

"फादर, या टपटपीनं डोकं उठलंय माझं," मावशी म्हणाली. "काका, तेवढा नळ बघता का? फादर, तुम्ही विचारा की, वेळ कशाला घालवायचा!"

काका नळाखाली बसले, पाना हातात आला आणि उत्तरं सुटली. एकही चुकलं नाही. शेवटी फादरनी पुस्तकाबाहेरचं विचारलं, "क्षमा म्हणजे काय हो?"

"बिघडवलं दुसऱ्यानं, तरी दुरुस्तीला आपण जायचं," काका म्हणाले. "रागानं पाणी तोडायचं नाही." मग त्यांनी मान वर केली. "मावशी, यातला वॉशर कुणीतरी काढून नेलाय."

मावशीनं पर्समधून वॉशर काढला. "फादर, पुढचा धडा पापनिवेदनाचाच आहे. माझ्यापासून सुरुवात करू या." सकाळी तिनं वॉशर काढला तेव्हा खाली बादली मीच धरली होती, त्यामुळे मी जमिनीकडे पाहत राहिले. फादर मात्र हसू आवरत वही मिटून उठले.

रविवारी चर्च भरलं होतं. फादरनी विचारलं, "तुमचा देवावर विश्वास आहे का?" आणि काका पुन्हा गप्प. इथं ना नळ, ना पाना. मावशीचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला पाहिला मी.

तेवढ्यात लेक खाली वाकली, स्वतःच्या बुटाची लेस तिनं खसकन ओढून सोडली आणि पाय पुढे केला.

"बाबा, लेस."

काका गुडघ्यावर बसले. गाठ मारता मारता म्हणाले, "आहे. मनापासून आहे."

फादरनी त्यांना उठवलं नाही. तिथंच, लेकीच्या पायाशी, त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं.

"तिला आलं गं," मावशी माझा हात दाबत म्हणाली, आणि सगळ्यांदेखत रडली.