म्बोदूच्या वळूचं वशिंड

चाड सरोवराच्या बेटांवर म्बोदूच्या वळूला जो मान होता, तो म्बोदूच्या जावयालाही नव्हता. आता जावई होताच तसा, म्हणा! वळूची शिंगं भोपळ्यासारखी फुगीर, आतून पोकळ, पाण्यात तरंगवणारी, अंग पांढरंशुभ्र. कुरी म्हणजे सरोवरातली बिनवशिंडाची, पोहणारी जात; तिचा अस्सल वळू हा एवढाच उरला, असं लोक म्हणत. गाय माजावर आली की तिला पोहवत म्बोदूच्या बेटावर आणत, आणि म्हातारा दाढी कुरवाळत पाहुण्यांना चहा पाजी.

खरी गोष्ट ठाऊक होती दोघांनाच, म्बोदूला आणि अल्लाला. पाणी आटलं त्या साली किनाऱ्यावरच्या गुराख्यांचा वशिंडवाला वळू त्याच्या गायीला लागला होता. झालेला पाडा, म्हणजे हाच वळू, शिंगांनी आईवर गेला. खांद्यावर मात्र लिंबाएवढं वशिंड.

"गांधीलमाशी चावलीय," म्बोदू सांगायचा.

सहा वर्षं ती सूज उतरली नाही. पण नावाजलेल्या घरच्या सुजेची चौकशी कोण करतो?

यंदा गुरं पोहत नव्या गवताच्या बेटावर निघाली. विधवा फालमाताचा गोऱ्हा त्याच वळूचा. शिंगं बारीक, जड, वशिंड मुठीएवढं. त्याची आई मात्र शुद्ध कुरी. ती आरामात पुढे गेली. गोऱ्हा अर्ध्या पाण्यात दमला. फालमातानं पोहत जाऊन त्याची हनुवटी धरली, पण तो हातातून सुटला तो सुटलाच.

"माझंच चुकलं, काका," काठावर ती रडत म्हणाली. "कोवळं पोर, मी लवकर पाण्यात घातलं."

म्बोदूला गप्प बसता आलं असतं. सहा वर्षं जमलंच होतं की! पण ती पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोल लावत होती.

"तुझं नाही गं, पोरी. माझं," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

फालमातानं डोळे पुसले. "माझी गाय म्हातारी आहे, काका. आता ती गाभण जायची नाही." एवढंच बोलून ती उठली.

मग म्हातारा लव्हाळ्याची होडी घेऊन घरोघर सांगत फिरला. विश्वास कुणी ठेवावा? शेजारचा काइगामा तर पोट धरून हसला.

"वळू द्यायचा नसेल तर सरळ सांग की, कंजूषा! म्हणे बाप परका! उद्या माझी कालवड आणतोय."

आणि आणलीही. बघतो तर वळू चारी पाय बांधून आडवा पडलेला, बाजूला खच्ची करणारा माणूस चिमटा घेऊन बसलेला.

"अरे, वेड लागलं का तुला?" काइगामा ओरडला. "बेटांची अब्रू आहे ती!"

"कालवड घरी ने," म्बोदू म्हणाला. त्यानं वळूचं डोकं मांडीवर घेतलं, हातानं त्याचे डोळे झाकले. "हं, चालू दे."

हे बघायला फालमातालाही त्यानं बोलावणं धाडलं होतं. ती आली नाही.