जिभेचा नकाशा

दर्यापूरच्या बसस्टँडमागे अनुपचं इंटरनेट कॅफे होतं. रिटायर झाल्यापासून धर्मपाल सर रोज दुपारी तिथे ठाण मांडून बसत. नापिकीच्या मदतीच्या यादीत आपलं नाव आलं का, हे विचारायला दारात शेतकऱ्यांची गर्दी असे. आणि आत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला हा माणूस जगाच्या अडाणीपणावर खुशाल हसत असे. त्या दिवशी त्यांना लोकांच्या गैरसमजांची एक लांबलचक यादी सापडली. लाल कापड पाहून बैल भडकत नाही, त्याला लाल रंग कळतच नाही. वीज एकाच जागी दोनदाही पडते.

"पाय बाप्पा अनुप, लोकं काय काय खरं मानून बसतेत!" असं म्हणत सर यादी खाली सरकवत गेले, आणि एका ओळीवर त्यांचं हसू आटलं.

जिभेच्या शेंड्याला गोड, कडेला आंबट, मागे कडू, असे भाग नसतातच म्हणे. सगळ्या चवी सगळीकडे कळतात.

जिभेच्या त्या भागांची आकृती सरांनी एकतीस वर्षं रंगीत खडूंनी फळ्यावर काढली होती, मोठ्या तोऱ्यात. पण त्यांना आठवली ती नगमा, बशीर पिंजाऱ्याची पोरगी. आठवीत असताना सरांनी तिला जिभेच्या मागच्या भागावर साखर ठेवायला लावली, तर भर वर्गात म्हणाली, "सर, मले तं इथं बी गोड लागते." सगळी पोरं खदखदली. सरांना वाटलं, टिंगल करते. हातावर दोन छड्या दिल्या. दिवाळीनंतर ती शाळेत दिसली नाही.

घरी येऊन सरांनी जिभेवर पार मागे साखर ठेवली. गोड लागली. आपण हे आजवर एकदाही करून पाहिलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"काहून येरझारा घालून राहिले? बसा ना एका जागी," त्यांच्या पत्नी ललिताबाई करवादल्या. पण चार दिवस सरांच्या जिवाला चैन नव्हतं. आपल्यामुळे पोरीची शाळा सुटली का, हे एकच त्यांना खात होतं. पाचव्या दिवशी बशीरभाईंकडून पत्ता घेऊन त्यांनी बार्शीटाकळी गाठली.

नगमा शिलाई मशीनवर बसली होती. सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"नगमा, तुह्यं बरोबर होतं. मीच चुकलो."

"मले माईत होतं सर. जीभ तं माहीच होती ना!"

"शाळा माह्यामुळं सुटली का?"

"नाई सर. कापूस बुडाला, अब्बाचं पिंजण बंद पडलं, मंग कायची शाळा? तुमच्यामुळं फक्त सवाल इचारणं सुटलं."

सरांचे डोळे भरून आले. नगमानं आतल्या खोलीतल्या लेकीला हाक मारली. महेजबीनही आता आठवीत होती. "हे हिले सांगा सर. हिच्या पुस्तकात बी जिभेचं तेच चित्र हाय."

सरांनी सगळं सांगितलं, छड्यांसकट. पोरगी डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंग पेपरात काय लिहू सर?"

"पेपरात पुस्तकातलंच लिही बेटा, नाही तं मार्क जातीन," सर बोलून गेले.

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी घाईनं नगमाकडे पाहिलं. मान खाली घालून तिनं मशीन सुरू केलं.