रजा कोण देणार?

जयपूरच्या सी-स्कीम वस्तीत आमच्या शेजारी राहणारे ते गृहस्थ मूळचे वर्ध्याचे. सचिवालयात नियमांचे मसुदे लिहीत. चहा घेता का विचारलं, तरी म्हणत, "हो, साखर वगळता."

एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे मुख्यमंत्र्यांच्या पगाराचे आणि निवासाचे नियम आले. मुख्यमंत्र्यांनी जयपुरातच राहावं, रजेशिवाय बाहेर मुक्काम केला तर तेवढा पगार कापावा, इथवर त्यांनी लिहिलं आणि अडकले. मुख्यमंत्र्यांना रजा देणार कोण? नियम आधी स्वतःवर पारखायचा, हा त्यांचा हट्ट. म्हणून ते घरी मुख्यमंत्री झाले. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून रजा मागत आणि गंभीरपणे नाकारत. आम्ही हसायचो. पण वर्ध्याला धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं, तरी हे हलेनात.

निघायच्या दिवशी टांगा दारात उभा होता. वहिनी ट्रंकेवर बसून होत्या. "भाऊजी, तुम्हीच समजवा यांना."

मी म्हणालो, "अहो, बहीण वाट बघत असेल."

"कळतंय हो," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "पण माझ्या वर कुणीच नाही."

वहिनी ताडकन उठल्या. "मी आहे ना! आठ दिवसांची रजा दिली. पगार कापायचा नाही. चला आता."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. वहिनींना वाकून नमस्कार करून त्यांनी ट्रंक उचलली आणि ते टांग्यात चढले.

पुढे मसुद्यात त्यांनी तेच लिहिलं का, हे मी कधी विचारलं नाही. ते "हो" म्हणतील, अशी मला भीती होती.