इन्स्पेक्टरला पाकीट हवं होतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी माझं स्वतःचं कौतुकही करणार आहे आणि तेव्हा मध्येच हसलेलं मला चालत नाही. चहा घ्या. सांगते.

आमचे बाबा जकात नाक्यावर होते. नोकरीभर! आणि नोकरीभर त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. जकात नाका काय चीज होती हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी आत्ता मान डोलावली असेल. नागपुरात आजही कुणी भेटलं की विचारतं, "तू त्यांची मुलगी का?" आणि माझी मान अशी ताठ होते म्हणता!

तर हे बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे मिनेसोटात आले होते. त्यातही आमचं गाव अगदी उत्तरेला, जिथे डोळ्यातलं पाणी पापणीवरच गोठतं. आम्ही नवं घर बांधलं होतं आणि वास्तुशांत बाबांच्या हस्ते करायची हे माझं पक्कं ठरलेलं. पण त्यांचं परतीचं विमान जवळ आलं तरी घर काही पास होईना! इन्स्पेक्टर एकदा येऊन नापास करून गेला होता. का, ते मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला माहीत. त्या सगळ्या भानगडी त्याच्याकडे आणि टाइल्सचे रंग माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

नेमका दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मंदार ऑफिसच्या कामाला शिकागोला. म्हणून मी आणि बाबा गेलो. कानटोपी, त्यावर हूड, त्यावर माझी शाल, अशा थाटात बाबा रंगाच्या उपड्या बादलीवर बसले. इन्स्पेक्टर आला. उंच, म्हातारा, सभ्य चेहऱ्याचा. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, तुम्हाला मराठीत सांगते.

"मी एन्व्हलपसाठी आलोय," तो म्हणाला.

"कसलं एन्व्हलप?"

"मागच्या वेळी तुमचं एन्व्हलप तयार नव्हतं, म्हणून पास करता आलं नाही. आज तयार आहे ना?"

एन्व्हलप म्हणजे... पाकीट? इतकं तोंडावर? दारात उभं राहून?

"काय म्हणून राहिला गं तो?" बाबांनी बादलीवरून विचारलं. त्यांना इथले उच्चार कळत नव्हते.

"बाबा, तो पाकीट मागतोय."

बाबा ताडकन उभे राहिले. शाल खाली पडली.

मी म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. आयटीत आहे मी, रिक्वायरमेंट नीट समजल्याशिवाय पुढे जात नाही. "किती जाड लागतं?"

"इथली थंडी बघता," तो भिंतीवर टकटक करत म्हणाला, "जितकं जाड तितकं बरं. पूर्वी पातळ चालायचं. हल्ली नियम कडक झालेत."

थंडी बघता! आपल्याकडे निदान चहापाणी तरी म्हणतात. हा सरळ थंडीचे पैसे मागतोय!

"माझ्याकडे एन्व्हलप नाही," मी म्हटलं, "आणि असतं तरी दिलं नसतं!"

"मॅडम, एन्व्हलप नाही असं घरच नसतं. शेजारच्या आजींचं कालच बघितलं. फार छान होतं."

शेजारच्या आजी? चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या? त्यांनीसुद्धा?

मग मात्र मी सुटलेच. माझे वडील कोण, जकात नाका म्हणजे काय, तिथे ट्रकवाले काय काय घेऊन यायचे आणि तसंच परत कसं न्यायचे, सगळं सांगितलं. बोट रोखून! तो बिचारा हातातली भलीमोठी पंख्याची पेटी घेऊन नुसता उभा. "तुम्ही ऑफिसशी बोला," एवढंच म्हणाला आणि गेला.

बोलतेच! तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची बाई.

"तुमचा माणूस एन्व्हलप मागतो!"

"हो मॅडम, सगळ्यांनाच लागतं. नियमच आहे."

"नियम? लेखी?"

"हो ना. कुठे किती जाड लागतं त्याचा तक्ताच आहे. ईमेल करू?"

रेट-कार्ड! यांनी रेट-कार्ड छापलंय!

"मी वरपर्यंत जाईन!" मी ओरडले.

"जरूर बघा," ती म्हणाली. "वर तर सगळ्यात जास्त लागतं."

मी फोनच ठेवला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. "शाब्बास! नाही मिळालं घर तरी चालेल. वास्तुशांत मी फोनवरून पाहीन." खरं सांगते, मला इतकं भरून आलं की त्या क्षणी मी तंबूतसुद्धा राहिले असते.

बाबांनी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'आमच्या लेकीने अमेरिकन इन्स्पेक्टरला पाकीट नाकारले. अभिमान वाटतो.' आम्ही परत येईपर्यंत नागपूर, अमरावती, पुणे, सगळीकडून हार आणि फुलं! बाबांच्या धाकट्या बहिणीने, नलूआत्याने, तर 'रक्त कुणाचं!' असं लिहिलं.

संध्याकाळी मंदार आला. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि मग चक्क जमिनीवर बसून हसायला लागला.

"अगं, एन्व्हलप म्हणजे घराचं! बाहेरच्या भिंती, छत, खिडक्या, दारं, सगळं आवरण! एवढ्या थंडीत ते किती जाड हवं, त्यातून हवा किती निसटलेली चालते, याचे नियम आहेत. दारात पंखा लावून तेच तपासायला आला होता तो!"

"आणि वर सगळ्यात जास्त...?"

"माळ्यावर! ऊब छतातूनच पळते ना!"

मी ऑफिसला फोन करून माफी मागितली. ग्रुपवर खुलासा करायचा मात्र राहून गेला. राहून गेला म्हणजे, मी केला नाही. आलेले हार परत कोण करणार हो?

इन्स्पेक्टर पुन्हा आला. मी थर्मासमधून चहा दिला तर म्हणतो, "ही लाच धरत नाहीत ना?" मग त्याने दारात तो पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढत कानाकोपऱ्यात हात लावून बघितलं. एन्व्हलप म्हणजे काय ते आता कळलेल्या बाबांनीही त्याच्या मागोमाग सगळ्या भिंती चाचपल्या. मंदारने कित्येक शनिवार-रविवार एकेक फट बुजवली होती आणि मी त्याला वेड्यात काढत होते. शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला, "नॉट टू बॅड." मिनेसोटात याच्यापुढे कौतुकाचा शब्दच नाही! घर पास! वास्तुशांत बाबांच्याच हस्ते! मला माझ्या नवऱ्याचा असा काही अभिमान वाटला की मी इन्स्पेक्टरसमोर त्याला मिठी मारली.

त्या आनंदात मंदारने इन्स्पेक्टरशी हात मिळवतानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'एन्व्हलप बघून साहेब एकदम खूश. घर पास!'

लगेच नलूआत्या: 'म्हणजे शेवटी दिलंतच?'

मी घाईघाईने खुलासा लिहायला घेतला. पण लेकीची बाजू घ्यायला बाबा आधीच सरसावले होते. एका बोटाने, शुद्धलेखन सांभाळत त्यांनी लिहिलं, 'पाकीट मी स्वतः हात लावून पाहिले आहे. चांगले जाड आहे.'

त्यानंतर मी पानभर खुलासा पाठवला, पण तो कोण वाचतंय! नलूआत्या हल्ली भेटेल त्याला सांगते, "आमचा दादा अमेरिकेला जाईपर्यंत अगदी सरळ होता हो. लेकीने बिघडवला."